घोट्यापर्यंतचे फोटो

१

उमापुरात सर्जेरावांच्या घरी कोण उठलं, कोण कुठं निघालं, हे अंजलीला अंथरुणात पडल्या पडल्या कानानंच कळायचं. सासरे उठले की आधी खाकरणार, मग ओसरीतली लोखंडी खुर्ची करकरवणार. नवरा उठला की चप्पल फरफटत न्हाणीकडं जाणार, वर शीळ घालणार. नवनाथची चप्पल म्हणजे दोन खोल्या आधी वर्दी. आणि तिचं स्वतःचं म्हणाल तर पायात नवी जोडवी, खाली गुळगुळीत फरशी. ती देवापुढं आहे की दुधापुढं, साऱ्या घराला ठाऊक.

सासूबाईंचं तेवढं काही वाजायचं नाही.

मुक्ताबाई काही वाऱ्यानं उडणारी बाई नव्हे. चांगलं थोराड अंग. पण मागं वळून बघावं तर उभ्या! सुरुवातीला अंजलीच्या हातून तांब्याच पडायचा. "आत्याबाई, आवाज तरी देत जावा हो," ती म्हणाली. तिकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामा म्हणतात.

"घरातल्या घरात कशाचा आवाज देऊ गं?" मुक्ताबाई म्हणाल्या आणि लुगडं फरशीवर लोळवत आत गेल्या. त्यांच्या वयाच्या बायका गावात घोट्याच्या वर लुगडं नेसायच्या. ह्यांचं मेलं कायम भुई झाडत चाललेलं.

आणखी एक होतं. नव्या नवरीला उठता-बसता पाया पडावं लागतं, कंबर मोडते बिचारीची. पण मुक्ताबाईंच्या पाया अंजलीला एकदाही पडता आलं नव्हतं. ती वाकली रे वाकली की त्या खांदे धरायच्या. "असू दे, असू दे." गाव म्हणायचं, सासू असावी तर अशी, सुनेला वाकूसुदिक देत नाही. अंजलीनंही तसंच मानून घेतलं. चांगलं मानायला काही पैसे पडत नाहीत.

तिचं मन तसंही दुसरीकडंच होतं. एसटीत कंडक्टर म्हणून तिची निवड झाली होती. ट्रेनिंग लग्नाआधीच उरकलं होतं, आणि आता गेवराई आगारात हजर व्हायचा हुकूम आला होता, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नाही गेलं तर मागच्या यादीतली कुणीतरी टपलेलीच होती. अंजलीच्या आईनं बापाबरोबर कारखान्यावर ऊस तोडून तिला शिकवलं होतं. मोळ्या वाहून वाहून त्या बाईच्या टाचा अशा भेगाळल्या होत्या की रात्री गोधडीचा दोरा अडकायचा. ती म्हणायची, "माझी पोरगी गाडीतून हिंडंल. अन् तिकीट काढून न्हवं, तिकीट फाडून!"

पहिल्या पंचमीला लेक माहेरी जाते. भाऊ मुराळी म्हणून न्यायला आलाही होता. मुक्ताबाईंनी त्याला चहा पाजला, टोपी-टॉवेल दिला आणि गोड बोलून परत लावलं. या घरातून पंचमीला सून कधी माहेरी गेली नव्हती म्हणे. अंजली आतून चडफडली. मग म्हणाली, जाऊ दे, एक दिवसाचा तर प्रश्न, परवा मी काय गेवराईला निघालेच.

२

पंचमीच्या आदल्या दिवशी फोटोवाला प्रविण लग्नाचा अल्बम घेऊन आला. काय तो अल्बम! उचलायला दोन माणसं. पान उघडावं तर नवनाथ आणि अंजली बर्फाच्या डोंगरावर. पुढचं उघडावं तर दोघं कपिलधारच्या धबधब्याखाली, आणि दोघांचे कपडे ठणठणीत कोरडे.

"आमी कधी गेलतो बे कपिलधारला?" नवनाथनं विचारलं.

"कॉम्प्युटरनं नेलंया दादा. कापायचं अन् चिकटवायचं. तुमी म्हणाल तिथं नेतो, चंद्रावर नेऊ का?"

सगळे हसले. सर्जेराव तर डोळे पुसायला लागले. प्रविणनं पाकिटातून दोन सुटे फोटो काढले. एक नवनाथचा, शेरवानी आणि मोजडी घालून ऐटीत उभा. दुसरा अंजलीचा, हिरव्या शालूतला, एकटीचा, नखशिखांत. तो त्यानं तिच्या हातात दिला आणि आवाज बारीक केला.

"वैनी, हा आत्याबाईंचा. निरोपच धाडलाता त्यांनी, उभा फोटो पायजे, अनवाणी, पाय पुरे दिसाय पायजेत. लोकं तोंड बघत्यात, ह्यांना पाय लागले! माझे वडील सांगायचे, आत्याबाई नवरी होऊन आल्या तवा त्यांचाबी असाच काढलाता."

"कावून पण?"

"मला काय म्हाईत? तुमच्या घरची रीत."

अंजलीनं फोटो बघितला. पाय छान आले होते. मेंदी, जोडवी, पैंजण, सगळं. तिला उगाच लाज वाटली, आणि लाजेमागून काहीतरी गार सरकत गेलं. मागं मुक्ताबाई उभ्या होत्या. कधी आल्या कोण जाणे. त्यांनी हात पुढं केला आणि फोटो घेतला.

३

दुपारी सर्जेराव पारावर गेले, नवनाथ आपल्या खता-बियाण्याच्या दुकानात. मुक्ताबाईंनी अंजलीला माजघरात बोलावलं. पाटावर एक जाडजूड पुस्तक होतं, चामड्याच्या पुठ्ठ्याचं, पितळी कडीचं. शेजारी एक लाकडी करंडा, कुंकवाचा असतो तसाच, जरा मोठा.

"ह्यांचे पणजोबा जालन्याच्या छावणीत साहेबाकडं व्हते," मुक्ताबाई म्हणाल्या. "मडम विलायतेला जातानी हे ठिवून गेली. बघ."

पहिलंच पान बघून अंजली खो खो हसत सुटली. रंगानं काढलेलं तळं, तळ्यात बदकं, आणि बदकांच्या मानेवर गोऱ्या साहेबांची मुंडकी! फोटोतून बेताबेतानं कापून चिकटवलेली. एकाच्या मिशा चोचीला लागलेल्या. पुढच्या पानावर एक टोपीवाला साहेब चहाच्या कपात गळ्यापर्यंत बुडालेला, आणि वरून एक मडम मजेत चमचा ढवळतेय.

"आत्याबाई, ह्या साहेबाला कळलं असंल का हो, बायकोनं आपलं बदक केलंय ते?"

"कळून काय करतो? कात्री तिच्या हातात व्हती."

मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्यांनी मडमेची पानं भराभर उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

तिथं स्वयंपाकघर होतं. रंगानंच काढलेलं, पण हात वेगळा, मराठमोळा. डाव्या बाजूला ओसरी, तिथं पुरुषांचे फोटो चिकटवलेले. पागोटी, टोप्या, काठ्या, करकरीत जोडे. उजवीकडं आत बायका. एक जात्यामागं, एक रांजणामागं, एक चुलीमागं. चुलीमागची मुक्ताबाई होती. एवढीशी पोर, नाकात नथ, डोळे घाबरलेले. सगळ्या बायका घोट्यापर्यंतच होत्या. पुढं जातं, चूल, रांजण काहीतरी आलेलं, आणि फोटो तिथंच कात्रीनं सरळ कापलेला.

"पाय कुठंयत?" अंजलीनं विचारलं.

"कापून लावायचा अस्तोय. पायाला जागा न्हाई पानात."

चुलीच्या पलीकडं आणखी काहीतरी काढलेलं होतं. ग्रॅनाइटचा ओटा. त्यावर दोन बर्नरची शेगडी. अंजली पान डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिली. शेगडीच्या डाव्या बाजूचं बटण तुटलेलं होतं आणि तिथं फिरवायला पक्कड लावून ठेवलेली. ते बटण परवाच तुटलं होतं. तिच्याच हातून. पक्कडही तिनंच लावली होती. आणि हा रंग तर वाळून, तडकून, भेगाळलेला. ओट्यामागं एक जागा कोरी होती, उभ्या माणसाच्या आकाराची.

तिनं डोकं चालवलं. बारावी सायन्स झालेली पोर होती ती, भुताखेताला भीक घालणारी नव्हे. सासूबाईंनी कालपरवा काढलं असेल, झालं. "तुमी काढलं का हो हे?"

"मला रांगोळी सरळ येत न्हाई, बाई. जागा निघती आपली आपण. नवी आली की निघती." मुक्ताबाईंनी पान हातानं पुसल्यासारखं केलं. "उद्या पंचमी. उद्या कात्री-सुरीला हात लावायचा न्हाई. परवा सकाळी लावू, मग तू जा तुज्या डुटीवर."

"तुमी लावून घेतल्यावर कुठं गेल्ता का?"

मुक्ताबाईंनी पुस्तकाची पितळी कडी बोटानं चाळवली. बाहेर पंचमीच्या झोक्याचे दोर बांधताना पोरी ओरडत होत्या.

"माजं म्हायेर तेलगाव," त्या म्हणाल्या. "येशीपसुर जाती मी. मग पाय धरत्यात. पाय हायेत का न्हाईत तेच कळत न्हाई. आई गेली तवा गाडी जुपून दारात आणली व्हती, पण मला चढताच आलं न्हाई. लोकं म्हणली, वाताचं दुखणं." त्यांनी करंडा पुढं ओढला आणि झाकण काढलं.

आत पाय होते. कागदाचे, नखाएवढे, जोड्याजोड्यांनी कापलेले. काही पिवळे, काही तपकिरी. एवढुशा जोडव्यांचे ठिपके, एवढुसं मेंदीचं काळं. अंजलीनं आपले पाय साडीखाली ओढून घेतले.

"पायाचं हाय, केरात टाकू न्हाई. सासूपाशी ऱ्हातो करंडा. माजी सासू कौशल्याबाई. मी मागितलं की म्हणायची, उद्या देते. दर पंचमीला मागायची मी. उद्या देते, उद्या देते. मरूस्तवर तिचं उद्याच चाललं. मग करंडा माज्या हातात आला." मुक्ताबाईंनी बोट घालून कागद हलवले. "तवर कोणते कुणाचे तेच वळखू यीना."

"मग मला कावून लावता, आत्याबाई?"

मुक्ताबाईंनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत दुष्टावा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"जागा निघालीया ना," त्या म्हणाल्या.

४

नवनाथची चप्पल दिवे लागायच्या वेळेला अंगणात वाजली आणि अंजलीला हायसं वाटलं. माणूस तसा गुणाचा. परीक्षेला तिला मोटारसायकलवर बीडला यानंच नेलं होतं, बाहेर उन्हात बसून भजी खाल्ली होती, आणि निकाल लागला तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटत सुटला होता. फक्त आईपुढं त्याचं तोंड शिवलेलं. आई म्हणली की संपलं.

तिनं त्याला सगळं सांगितलं. बटणाचं सांगितलं, करंड्याचं सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं.

"अगं, म्हातारीचा छंद हाय," तो म्हणाला. "पहिल्यापसुन बघतो मी. कापू दे, चिकटवू दे."

"त्यांना वेस वलांडता येत न्हाई."

"वात हाय तिला."

"पाय कापत्यात फोटोतले."

"फोटोतलेच ना?" तो हसला, तिच्या गालाला चापट मारली. "एक फोटोच तर हाय, अंजली. नुस्ता कागद. तुजं काय बिघडतंय?"

तुझं काय बिघडतंय! अंजलीचं डोकंच फिरलं. तिला आईच्या टाचा आठवल्या. रागानं तिला जेवण गेलं नाही. ताट पुढं सारून ती उठली, आणि नवनाथ शीळ घालत हात धुवायला गेला. चटक फटक, चटक फटक. त्या आवाजावर तिचं जीव ओवाळून टाकावा इतकं प्रेम होतं, आणि त्या संध्याकाळी तोच आवाज तिला टोचत राहिला.

५

पंचमीच्या दुपारी गाव झोक्यावर. पोरीबाळी, माहेरवाशिणी, सगळ्या लिंबाखाली. फुगड्यांचा दणका घरापर्यंत येत होता. घरात उकडीचं झालेलं, तवा नाही, विळी नाही, चिरणं नाही. भिंतीवर गेरूचा नागोबा काढून मुक्ताबाईंनी त्याला दूध-लाह्या दाखवल्या आणि देवापाशीच आडव्या झाल्या. कणकेची खळ त्यांनी सकाळीच शिजवून वाटीत झाकून ठेवली होती, उद्यासाठी.

अंजली माजघरात गेली. पंचमीला या घरात कात्रीला कुणी हात लावणार नाही, म्हणून आज इकडं कुणी फिरकणारही नाही, एवढं तिला कळत होतं.

तिनं पुस्तक उघडलं. बदकं बघितली. आता हसू आलं नाही. ती त्या मडमेचा विचार करत राहिली. कोण असेल, कुठल्या खोलीत बसून कापत असेल, दार लावून की उघडं टाकून. मग तिनं शेवटचं पान काढलं. कोरी जागा तशीच होती. जरा मोठी झाली होती की काय? छे. मन चिंती ते वैरी न चिंती.

पाकिटातला नवनाथचा फोटो तिनं पुढ्यात घेतला. शेरवानीत ऐटीत उभा. नुस्ता कागद, तूच म्हणालास ना? मग तुझं काय बिघडतंय? लावते, संध्याकाळी सगळ्यांना दाखवते, हसतील, मग काढून टाकते. आत्याबाईंनाही कळेल की कागदानं काही होत नाही. असं ती मनाशी म्हणाली. पण आधी उठून तिनं दार लोटून घेतलं. ज्याला काही होणार नाही म्हणता, त्याला दार कशाला लोटावं?

फेट्याच्या कडेनं कापलं, खांद्यावरून आली. बाहेर अंगणात चप्पल वाजली. नवनाथ दुकानातून जेवायला आला होता. चटक फटक. ओसरी. चटक फटक. मधली बोळ. शीळ. तिनं घाई केली. फोटो पानावर धरून बघितला, ओटा घोट्याशी येत होता. तिनं कात्री मोजडीच्या वर लावली.

चटक.

कात्री मिटली. फटक वाजलंच नाही.

शीळही थांबली. अंजली कान देऊन बसली. लिंबाखाली पोरी हसत होत्या. कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. बोळीत काही नाही. तिच्या मांडीवर मोजडीचे दोन एवढुसे कागद पडले होते. तिनं बोटानं खळ लावली आणि फोटो कोऱ्या जागेवर टेकवला. बसला. असा बसला की कड कुठंय तेच दिसेना.

"अंजली," नवनाथचा आवाज आला. बोळीतून नव्हे, पार मागून, स्वयंपाकघरातून. "चा टाकू का गं तुला?"

जन्मात त्यानं चहा टाकला नव्हता.

६

चहा चांगला झाला होता, हे आणखी एक. आलं, गूळ, सगळं बेतशीर. सर्जेरावांनी फुरका मारून मिशी पुसली. "काय बे, पंचमीचा नागोबा चावला का काय तुला? बायकांवानी ओट्यापाशी उभा!" नवनाथ नुसता हसला. ओट्यामागं उभं राहून हसला. अंजलीलाही हसू आलं, क्षणभर बरंच वाटलं. मग ती कप आत ठेवायला बोळीतून निघाली आणि तिथंच थबकली.

बोळीच्या मध्यावर नवनाथच्या चपला होत्या. काढून ठेवलेल्या नव्हे. एक मागं, एक पुढं, चालता चालता माणूस वर उचलून न्यावा तशा.

त्या संध्याकाळी तिनं घरात फक्त आपली जोडवी ऐकली. नवनाथनं ताटं घेतली, भांडी लावली, मधेच तिच्या पाठीशी येऊन "मीठ पायजे का?" असं विचारलं. तिच्या हातातला तांब्या पडला.

सकाळी तिनं खाकी साडी नेसली, बिल्ला लावला. मुक्ताबाईंनी कात्री घेऊन पुस्तक उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं होतं.

"पंचमीला कात्री लावलीस," त्या म्हणाल्या. मग, फार हळू, "नवऱ्याला लावलंस गं."

"नुस्ता कागद हाय, आत्याबाई." अंजलीला आपलाच आवाज लटका वाटला.

"पाय कुठंयत त्याचे?"

ते अंजलीच्या नव्या चामडी बॅगेत होते, आतल्या कप्प्यात. तिचा हात आपोआप बॅगेवर गेला. मुक्ताबाईंनी ते बघितलं.

"खळ वली हाय अजून. श्रावणाचा दिवस, रात्रीपसुर वाळायची न्हाई. तवर निघंल. वाळल्यावर न्हाई निघत." त्यांनी पानावर बोट दाबलं. "पण काढला की जागा मोकळी व्हती. मग तिथं कुणाला तरी यावंच लागंल."

हे ऐकून अंजलीला रडू फुटलं. तिला नवनाथ पाहिजे होता. त्याची फरफटणारी चप्पल पाहिजे होती. आणि तिला गाडी पाहिजे होती. दोन्ही पाहिजे म्हणणं एवढं मोठं पाप होतं का?

"आजचा दिवस जाऊन येते," ती डोळे पुसत म्हणाली. "हजर तर होते. सांजच्याला आल्या आल्या देते. शप्पथ."

नेहमीसारखी ती पाया पडायला वाकली. खांदे धरले जातील म्हणून वाट बघितली. या वेळी मुक्ताबाईंनी धरले नाहीत. त्या तशाच उभ्या राहिल्या, तोंड भिंतीकडं करून. अंजलीचा हात लुगड्याच्या काठाखाली गेला, बोटं पुढं सरकली, आणखी पुढं सरकली.

हाताला गार फरशी लागली. नुसती फरशी.

७

पहिल्या दिवशी जुन्या कंडक्टर साखराबाई सोबत होत्या. "खांबाला टेकायचं न्हाई. गाडी वळाया लागली की पाय फाकवून उभं ऱ्हायचं," त्यांनी शिकवलं. अंजली शिकली. गेवराईहून निघालेली गाडी माहेरवाशिणींनी भरलेली होती, हातांवर मेंदी, मांडीवर पोरं, पिशव्यांत लाह्या. ती पार मागच्या सीटपर्यंत गेली, पुन्हा पुढं आली. तिकिटं फाडली. दोरी ओढली, टण टण, आणि एवढी मोठी गाडी तिच्या हातानं हलली! तिला आईची आठवण आली आणि भर गाडीत डोळे भरले.

"पाय दुखत्याल आज," साखराबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी लई दुखतात."

"दुखू द्या की," अंजली म्हणाली. दुखत होते. असे सुंदर दुखत होते की सांगता सोय नाही.

फक्त बॅगेत काहीतरी वाजत होतं. चिल्लर असेल. पण चिल्लर गाडी हलली की वाजते. हे गाडी थांबली की वाजायचं. उमापूरच्या फाट्याला तर बॅगेच्या कातड्याला आतून स्पष्ट टकटक लागली. चटक फटक, चटक फटक, इवलीशी. तिनं बॅग पोटाशी गच्च धरली.

डेपोत उतरताना साखराबाईंनी पाठ थोपटली. "उद्या तुला बीडची फेरी. एकटीला. साहेबांना सांगितलं मी, पोरगी तयार हाय म्हणून."

ती घरी आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ओसरीत सर्जेराव पेंगत होते. बोळीत चपला तशाच होत्या, एक मागं, एक पुढं. ती त्यांना वळसा घालून आत गेली.

नवनाथ ओट्यामागं होता. भाकरी थापत होता. तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली, तिला एवढी फुगवता यायची नाही. पक्कडीनं बटण फिरवून त्यानं जाळ बारीक केला. तो डावीकडून उजवीकडं गेला, पण चालला नाही. एखादं भांडं पुसल्या ओट्यावरून सरकवावं तसा गेला. अंजलीनं ओट्याच्या खाली बघितलं नाही. नजर वरच ठेवली, त्याच्या तोंडावर. तोंड नवनाथचंच होतं. प्रेमळ होतं. जरासं चपटं वाटत होतं, पण संध्याकाळचा उजेड तसा असतोच.

"दिवस चांगला गेला का?" त्यानं विचारलं.

"लई चांगला गेला."

"बेस झालं." त्यानं पिठाचे हात झटकले. "आता माजे पाय दे."

टॉवेल मागावा इतक्या साधेपणी मागितले. अंजलीनं बॅगेची कडी उघडली, कप्प्यात बोटं घातली. ती देणार होती. देवाशप्पथ देणार होती. कोपऱ्यात मुक्ताबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, शेजारी पुस्तक, करंडा आणि खळीची वाटी. बोटांना मोजडीचे कागद लागले. ते गरम होते. तिच्या तळपायांत दिवसभराची ठणक होती, आणि उद्या बीड, एकटीला. मांजरसुंब्याच्या डोंगराकडून येणारी वाऱ्याची झुळूक, उघडी खिडकी, टण टण. एकच तर दिवस.

"उद्या देते," ती म्हणाली.

सुपातली बोटं थांबली. मुक्ताबाईंनी वर बघितलं नाही. नवनाथनं मान हलवली, "बरं, उद्या," असं म्हणाला आणि भाकरीकडं वळला.

मग मुक्ताबाईंनी हातानं करंडा फरशीवरून तिच्याकडं सरकवला.

"ह्यात ठिव, बाई," त्या म्हणाल्या. "बॅगेत हरवत्याल."

अंजली खाली बसली. तिनं झाकण काढलं आणि मोजडीचे ते दोन कागद वर ठेवले, पिवळ्या पायांच्या ढिगावर. ते नवे होते, चकचकीत होते. अजून तरी कोणते कुणाचे ते ओळखू येत होतं.